वशिला नव्हे, वाटाड्या
व्यवस्थापन शिक्षणाचा प्रवेश आणि माजी विद्यार्थ्यांची साथ

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, "ओळखीशिवाय काही होत नाही," हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकले आहे. कधी ते निराशेने उच्चारले जाते, तर कधी प्रयत्नांतील उणीव झाकण्यासाठी. या वाक्यात सत्य किती आणि असत्य किती, हे प्रस्तुत पाठात आपण एका उदाहरणाच्या आधारे तपासणार आहोत. उदाहरण आहे व्यवस्थापन शिक्षण देणाऱ्या संस्थेत, म्हणजेच बोलीभाषेत ज्याला 'बिझनेस स्कूल' म्हणतात तेथे, प्रवेश घेण्याचे. अशा संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची मदत कशी घ्यावी, तिचा उपयोग कोठे होतो आणि तिची मर्यादा कोठे येते, हे आपण समजून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही:
• व्यवस्थापन संस्थेच्या प्रवेशप्रक्रियेचे टप्पे सांगू शकाल;
• 'वशिला' आणि 'मार्गदर्शन' यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• अपरिचित माजी विद्यार्थ्याला मार्गदर्शनासाठी औपचारिक पत्र लिहू शकाल;
• शिक्षणातील खंडाविषयी मुलाखतीत प्रामाणिकपणे बोलण्याचे महत्त्व जाणू शकाल.

मूळ पाठ

भिलाई : पोलादाचे नगर

छत्तीसगडमधील भिलाई हे नगर पोलादाच्या कारखान्याभोवती वाढले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने हा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे कामासाठी आली. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांमध्ये तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. मराठी माणसाला हा प्रदेश परका नव्हता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे होती आणि १९५६ पर्यंत या भागाचा राज्यकारभारही नागपूर या राजधानीतूनच चालत असे.

कारखान्यामुळे या नगराला शिक्षणाची ओढ लागली. वडील भट्टीवर पाळीत काम करीत आणि मुलगा अभियंता व्हावा अशी आस धरीत. पुढे शिक्षणसंस्थाही जवळ आल्या. दुर्ग येथे १९८६ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. २०१० साली रायपूर येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आय.आय.एम., स्थापन झाली. २०१६ साली भिलाईला आय.आय.टी. मिळाली. ज्या शिक्षणासाठी पूर्वी अहमदाबाद किंवा कोलकाता गाठावे लागे, ते आता अंतराने जवळ आले. परंतु संस्था जवळ आली म्हणून तिचे दार आपोआप ओळखीचे होत नाही.

प्रवेशाची वाट

व्यवस्थापन शिक्षणात उत्पादन, हिशेब, विक्री, भांडवल आणि मनुष्यबळ यांचा मेळ कसा घालावा हे शिकवले जाते. आपल्या देशात १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद येथे पहिल्या दोन आय.आय.एम. स्थापन झाल्या. आज त्यांची संख्या वीसहून अधिक आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ साली सुरू झाली. तेथील प्रवेश मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतो.

आय.आय.एम.च्या प्रवेशासाठी 'कॅट' ही परीक्षा दरवर्षी साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीस संगणकावर घेतली जाते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि तीत किमान ५० टक्के गुण ही तिची अट आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. वयाची कमाल मर्यादा नाही. पदवीच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थीही परीक्षेस बसू शकतो. परीक्षेत भाषिक आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग असतात. प्रत्येक विभागासाठी ४० मिनिटे मिळतात. बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात. पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा होतो.

निकालात 'पर्सेंटाइल' दिलेला असतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव जण तुमच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. निकालानंतर प्रत्येक संस्था आपापल्या नियमांनुसार उमेदवारांची निवडक यादी करते आणि त्यांना मुलाखतीस बोलावते. या यादीसाठी अनेक संस्था दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही विचारात घेतात. म्हणजे आज मुक्त विद्यालयातून तुम्ही जी परीक्षा देत आहात, तिचे गुण पुढे मोजले जाण्याची शक्यता आहे. केवळ उत्तीर्ण होण्यावर समाधान मानू नये, याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

घरात मिळणारी आणि न मिळणारी माहिती

वरील सर्व नियम संस्थांच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. मग माजी विद्यार्थ्याची गरज कशासाठी?

दोन घरांची कल्पना करा. एका घरात काका किंवा आत्या अशा संस्थेत शिकलेली आहे. त्या घरातील मुलाला जेवताना बोलता बोलताच कळते की आर्थिक दुर्बल घटकाचे किंवा इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि ठरावीक आर्थिक वर्षाचे असावे लागते. ते मिळवण्यास वेळ लागतो, म्हणून आधीच अर्ज करावा. त्याला कळते की बहुतेक संस्था पदवीनंतरचाच पूर्णवेळ नोकरीचा काळ 'अनुभव' म्हणून मोजतात. त्याला हेही कळते की मुलाखतीत पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा स्वतःच्या कामाविषयी विचारलेले साधे प्रश्नच अधिक कठीण जातात.

दुसऱ्या घरात असे कोणीच नाही. तेथील मुलगी पहिलीइतकीच हुशार आणि कष्टाळू आहे. पण प्रमाणपत्र चुकीच्या नमुन्यात निघाले, हे तिला कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी समजते. तिच्या बुद्धीत उणीव नव्हती. उणीव होती ती सांगणाऱ्याची.

माजी विद्यार्थ्यांच्या जाळ्याचा खरा उपयोग हाच आहे. संस्थेतून बाहेर पडलेले विद्यार्थी एकमेकांशी संपर्क ठेवतात, मेळावे घेतात आणि नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन करतात. भिलाईसारख्या नगरात असे लोक शोधण्याच्या वाटा अनेक आहेत. कारखान्यात आणि बँकांत व्यवस्थापन शिकलेले अधिकारी असतात. शाळा-महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघटना असतात. गणेशोत्सव साजरा करणारी मराठी मंडळे असतात. रायपूरच्या संस्थेतील सध्याचे विद्यार्थीही काल-परवापर्यंत तुमच्याच रांगेत उभे होते. ज्याच्या घरात 'काका' नाही, त्याच्यासाठी ही माणसे काकाची उणीव भरून काढतात.

वशिला आणि वाटाड्या

येथे एक भेद नीट लक्षात घ्या. वशिला रांग मोडून पुढे नेतो. वाटाड्या रांग कोठे आहे ते दाखवतो. वशिल्याने मिळालेली जागा दुसऱ्या कोणाच्या तरी हक्काची असते. वाटाड्याच्या मदतीने कोणाचेही काही हिरावले जात नाही.

माजी विद्यार्थी तुमच्यासाठी काय करू शकतो? तो तुमचे निवेदन वाचून कोठे अर्थ लागत नाही ते सांगू शकतो. तो सरावाची मुलाखत घेऊ शकतो. कोणता अभ्यासक्रम तुमच्या उद्दिष्टाशी जुळतो, शुल्काची सोय कशी करता येते, पहिल्या सत्रात कोणते विषय जड जातात, हे तो अनुभवाने सांगू शकतो. तो काय करू शकत नाही? तो तुमचे गुण वाढवू शकत नाही, यादीत नाव घालू शकत नाही आणि तुमच्या वतीने निवेदन लिहूही नये. दुसऱ्याने लिहिलेले निवेदन सुंदर असेल. पण मुलाखतीत त्यातील पहिल्याच वाक्याविषयी प्रश्न आला की ते परके वाक्य उघडे पडते.

शिफारसपत्राच्या बाबतीतही हेच खरे आहे. परदेशातील अनेक बिझनेस स्कूल अर्जासोबत शिफारसपत्र मागतात. अशा वेळी एखाद्या मोठ्या पदावरील अपरिचित व्यक्तीची सही मिळवण्याकडे विद्यार्थ्याचा कल असतो. परंतु पत्राला वजन येते ते लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याचे काम जवळून पाहिलेले असल्यामुळे.

आपल्या इतिहासातील एक उदाहरण पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत मुंबईतील एका बागेत वाचत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाशी त्यांचा परिचय झाला. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे शिक्षणाचा खर्च पेलेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत त्यांची गोष्ट पोहोचवली आणि शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी पुढे लंडनमधील अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना त्यांच्याविषयी लिहिले. केळुसकरांनी त्यांना वाचताना पाहिले होते, सेलिग्मन यांनी त्यांना शिकवले होते. दोघांनीही दार दाखवले. आतील अभ्यास मात्र बाबासाहेबांनी स्वतः केला. ओळख आणि योग्यता यांचे योग्य नाते या उदाहरणातून स्पष्ट होते.

मार्गदर्शन मागणारे पत्र

अपरिचित व्यक्तीकडे मदत मागताना अनेकांचा संकोच होतो, किंवा संकोच घालवण्याच्या नादात मागणी फार मोठी होते. "मला तुमच्या संस्थेत प्रवेश हवा आहे, कृपया मदत करा," असे पत्र मिळाल्यावर वाचणाऱ्याला नेमके काय करावे हे कळत नाही. चांगल्या पत्रात तीन गोष्टी असतात : आपण कोण आहोत, आपण स्वतः काय केले आहे आणि आपल्याला नेमके काय विचारायचे आहे. पुढील काल्पनिक नमुना वाचा.

सुपेला, भिलाई
दिनांक : ............

आदरणीय महोदया,
सादर प्रणाम.

गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात आपण विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता. त्या वेळी मी श्रोत्यांत होते. मी सुपेला येथील एका दुकानात सहा वर्षांपासून हिशेब ठेवण्याचे काम करते. दहावीनंतर घरच्या अडचणीमुळे माझे शिक्षण चार वर्षे थांबले. त्यानंतर मी मुक्त विद्यालयातून बारावी आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. पूर्ण केले. यंदा मी कॅट परीक्षेस बसत आहे.

संस्थेची माहितीपुस्तिका मी वाचली आहे. तरीही तीन शंका राहिल्या आहेत. पदवीपूर्वी केलेल्या कामाचा उल्लेख अर्जात कोठे करावा? गणिताचा सराव तुटलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात कोणते विषय कठीण जातात? शैक्षणिक कर्जाची कागदपत्रे कधीपासून जमवावीत?

आपल्या सोयीने पंधरा मिनिटे दिलीत तर मी दूरध्वनी करीन. सवड नसल्यास तसे कळवावे. माझा गैरसमज होणार नाही.

आपली नम्र,
(स्वाक्षरी)

या पत्रात दीनवाणेपणा नाही आणि बढाईही नाही. माहितीपुस्तिकेत उत्तर असलेला एकही प्रश्न विचारलेला नाही. 'नाही' म्हणण्याची मोकळीक दिली आहे. वेळेची मर्यादाही सांगितली आहे. ज्याला वाचणाऱ्याच्या वेळेची किंमत कळते, त्याला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. उत्तर आल्यावर आभाराचे दोन शब्द आणि पुढे निकाल लागल्यावर तो कळवणे, हेही शिष्टाचाराचे भाग आहेत. निकाल प्रतिकूल असला तरीही तो कळवावा.

शिक्षणातील खंड : लपवावा की सांगावा?

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याच्या मनातील सर्वांत मोठा प्रश्न बहुधा हाच असतो. अर्जातील दिनांक पाहून मुलाखत घेणारे विचारणारच : "दहावी आणि बारावी यांच्यामध्ये इतकी वर्षे कशी गेली?"

या प्रश्नाला घाबरून काही जण कारणे रचतात. सरावाच्या मुलाखतीत अनुभवी माजी विद्यार्थी नेमके येथेच थांबवतो. तो सांगतो की खंड हा दोष नाही, त्याविषयीची लपवाछपवी हा दोष आहे. वरील पत्रातील मुलगीच घ्या. "वडील आजारी होते, म्हणून मी कामाला लागले," एवढे एक वाक्य पुरेसे आहे. त्यापुढे तिने कामाविषयी बोलावे. उधारी वेळेवर वसूल झाली नाही की दुकानाची रोकड कशी अडकते? पावसाळ्यात सिमेंटचा साठा किती ठेवावा? कोणत्या गिऱ्हाइकाला सवलत द्यावी आणि कोणाला नाही? या प्रश्नांचा विचार तिने गल्ल्यावर बसून केलेला आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात याच गोष्टींना खेळते भांडवल, साठा-नियंत्रण आणि पतधोरण अशी नावे आहेत. बहुतेक संस्था पदवीपूर्व कामाला गुण देत नसल्या, तरी मुलाखतीत ते काम तिचे सर्वांत भक्कम भांडवल ठरू शकते. मात्र ते भांडवल आहे हे तिला कोणीतरी सांगावे लागते. मार्गदर्शकाचे हे फार मोठे काम आहे.

भाषेचा प्रश्नही प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. कॅट परीक्षा इंग्रजीत असते आणि वर्गातील व्यवहारही इंग्रजीत चालतो. त्यासाठी रोजचे वाचन आणि बोलण्याचा सराव यांना पर्याय नाही. परंतु विचार स्पष्ट करण्याचे काम मातृभाषेत आधी करता येते. आपण व्यवस्थापन का शिकू इच्छितो, हे प्रथम मराठीत दहा ओळींत लिहा. मराठीत जे नीट सांगता येते, ते इंग्रजीत मांडणे सोपे जाते.

खर्च आणि सावधगिरी

या शिक्षणाचे शुल्क अनेक लाखांच्या घरात जाते. हा आकडा पाहून अनेक कुटुंबे अर्जच करीत नाहीत. मान्यवर संस्थांच्या विद्यार्थ्यांना बँका शैक्षणिक कर्ज देतात. निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्यांना तारण आणि जामीनदार यांच्याशिवाय कर्ज मिळावे, यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'पीएम विद्यालक्ष्मी' योजना मंजूर केली. तरीही कर्ज हे फेडावयाचे असते. म्हणून हप्ता किती येतो आणि अभ्यासक्रमानंतर प्रत्यक्ष कोणत्या नोकऱ्या मिळतात, हे जाहिरातीवरून न ठरवता दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे विचारावे. एकाचा अनुभव अपवाद असू शकतो.

शहाण्या माणसाने आणखी एका धोक्यापासून दूर राहावे. "माझी आत ओळख आहे, इतके पैसे भरा, जागा पक्की," असे सांगणारे दलाल प्रवेशाच्या हंगामात भेटतात. काही जण स्वतःला माजी विद्यार्थी म्हणवतात. आय.आय.एम.मध्ये पैसे भरून राखीव मिळणारी 'व्यवस्थापन कोट्या'ची जागा नसते. खरा माजी विद्यार्थी वेळ देतो, माहिती देतो आणि प्रसंगी कान उघाडणी करतो. जागेचा सौदा तो कधीही करीत नाही. पैशांची मागणी झाली की संवाद तेथेच थांबवावा.

ऋण कसे फेडावे?

आपल्या परंपरेत ऋषिऋणाची कल्पना आहे. ज्यांच्याकडून ज्ञान मिळाले त्यांचे ऋण त्यांना धन देऊन फिटत नाही. ते ज्ञान पुढच्याला दिल्यानेच फिटते. माजी विद्यार्थ्यांचे जाळे याच तत्त्वावर टिकते. आज ज्याने तुम्हाला पंधरा मिनिटे दिली, त्याला कधीतरी कोणीतरी तेवढीच मिनिटे दिली होती.

ही परतफेड करण्यासाठी मोठ्या संस्थेत प्रवेश मिळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तुम्ही मुक्त विद्यालयाची एक परीक्षा उत्तीर्ण झालात, की तुमच्या वस्तीत अर्ज भरण्यास बिचकणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी तुम्ही माजी विद्यार्थी झालातच. अभ्यासकेंद्र कोठे आहे, अर्ज कसा भरावा, कामावरून आल्यावर अभ्यासाला वेळ कसा काढावा, हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. शेजारच्या घरातील त्या ताईला किंवा दादाला ते माहीत नाही. "ओळखीशिवाय काही होत नाही," असे पुन्हा कोणी म्हणाले, तर तिच्यासाठी ती पहिली ओळख तुम्ही व्हा.

तुम्ही काय शिकलात?

• पर्सेंटाइल आणि टक्केवारी या भिन्न गोष्टी आहेत. निवडीत परीक्षेसोबत पूर्वीचे गुण आणि मुलाखत यांनाही महत्त्व असते.
• माजी विद्यार्थी माहिती, सराव आणि स्पष्ट मत देऊ शकतो. योग्यता मात्र स्वतःच सिद्ध करावी लागते.
• शिक्षणातील खंड प्रामाणिकपणे सांगावा आणि त्या काळातील कामाचे मोल ओळखावे.
• मिळालेले मार्गदर्शन पुढच्याला देणे हे आपले कर्तव्य आहे.

पाठगत प्रश्न

१. 'वशिला' आणि 'वाटाड्या' या शब्दांतील फरक तुमच्या अनुभवातील एका प्रसंगाच्या आधारे लिहा.
२. केळुसकर गुरुजी आणि प्रा. सेलिग्मन यांच्या मदतीत कोणते साम्य आहे?
३. तुम्ही रोज करीत असलेल्या कामात व्यवस्थापनाचे कोणते कौशल्य लागते? आठ-दहा ओळींत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या माजी विद्यार्थ्याला तीन नेमके प्रश्न विचारणारे औपचारिक पत्र लिहा.